जीपचे बार का उडतात?

परवा नागपुरात, रामदासपेठेत, एक जुनी पेट्रोलची जीप बंद पडली. आत आजारी म्हातारी होती. ड्रायव्हरने प्लग काढले, पुसले, पुन्हा लावले. तेव्हापासून बार उडू लागले. तो कार्बोरेटरवर वाकला. मी त्याला मागे ओढले. तिथून भडका निघतो, तोंड भाजते!

आधी आवाज कुठला ते ऐका. बार कार्बोरेटरमधून उडाला, तर बहुधा पेट्रोल कमी पडते. जेटमध्ये कचरा असतो, नाही तर गॅस्केटमधून हवा शिरते. सायलेन्सरमधून उडाला, तर न जळलेले पेट्रोल तिथे पेटते.

इथे बार दोन्हीकडून! आम्ही स्विच बंद करून प्लगच्या तारा पाहिल्या. पुस्तकात ठिणगीचा क्रम १-३-४-२ होता. दोन तारा उलट लागल्या होत्या. त्या बदलल्या, बार थांबले. म्हातारी दवाखान्यात पोचली. आकडे वाचता आले, म्हणून हे जमले.