जडसंग्रह नोंदवहीतील इतिहास

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. या निमित्ताने संग्रहालयाविषयी बोलताना आपणांस प्रथम चंदीगडला नेतो.

तेथील कॅपिटल कॉम्प्लेक्स म्हणजे सचिवालय, विधानसभा व उच्च न्यायालय यांचा, ल कार्बुझिए यांनी रचलेला परिसर. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. विधानसभेचे भव्य द्वार कार्बुझिए यांनी स्वतः चितारले. न्यायालयातील भित्तिपट त्यांच्या आराखड्यांवरून काश्मिरी विणकरांनी विणले. परंतु या इमारतींतील खुर्च्यांची कथा मला अधिक बोलकी वाटते.

कार्बुझिए यांचे नात्यातील बंधू पिएर जानरे १९५१ मध्ये चंदीगडला आले आणि १९६५ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेत वापरून नव्या शहरातील कार्यालये, ग्रंथालये व वसतिगृहांसाठी साधे, भक्कम सामान घडवले. कालांतराने वेत फाटला, सांधे खिळखिळे झाले. नव्या खुर्च्या आल्या आणि जुन्या गच्चीवर रचल्या गेल्या. पुढे कितीतरी भंगाराच्या लिलावात कवडीमोलाने विकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत एकेका खुर्चीला लाखो रुपये मोजले जाऊ लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या सामानाच्या विक्रीस मनाई केली. तोवर पुष्कळसे हातचे गेले होते.

यात एक मर्म आहे. या खुर्च्यांच्या पाठीवर कार्यालयाचे नाव व क्रमांक रंगवलेला असे. भांडारपालाच्या सोयीसाठी काढलेली तीच अक्षरे आज लिलावात अस्सलपणाचा पुरावा ठरतात. म्हणजे नोंद होती. किंमत जाणणारी नजर नव्हती. याच शहराच्या सेक्टर १० मधील संग्रहालयात, फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहातून भारताच्या वाट्यास आलेल्या गांधार मूर्ती जपून ठेवल्या आहेत. मूर्ती हा वारसा, हे सर्वांनाच पटते. रोज बसायची खुर्चीही वारसा असते, हे पटायला उशीर लागतो.

आपल्याकडे ती नजर पुण्याच्या दिनकर केळकरांना होती. दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले.

आता आपल्या शाळेकडे वळू. मागच्या पडवीत जुने लाकडी बाक निर्लेखनाची वाट पाहत आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर जडसंग्रह नोंदवहीतील क्रमांक आहे. त्यांतील एकावर मी एक वर्ष बसलो आहे. चित्रकला शिक्षकांनी रंगवलेले तक्ते, मुलांची ग्रेड परीक्षेची चित्रे, पितळी घंटा, पहिली हजेरीपुस्तके हे सारे अजून हाताशी आहे.

माझी विनंती एवढीच, की बाक विकण्यापूर्वी निदान दोन बाजूला काढावेत आणि एक खोली या वस्तूंसाठी द्यावी. प्रत्येक वस्तूखाली ती केव्हा आली, कोणी केली, कोणी वापरली, हे लिहावे. हे सांगू शकणारे पुष्कळ जण आज याच सभागृहात बसले आहेत. त्यांना आजच विचारू या.