ज्याची बेरीज होत नाही, तो आकडा नाही
(भिवापूर येथे व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘संगणकावरील माहितीची आयात, निर्यात आणि व्यवस्था’. त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायला आलो आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. ज्या आकड्याची आपण कधी बेरीज करणार नाही, तो आकडा संगणकात अक्षर म्हणूनच ठेवला पाहिजे. मोबाईल क्रमांक, आधार, बँकेचं खातं, ग्रंथालयातल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक, जमिनीचा गट क्रमांक, यांची बेरीज कोण करतो? दोन शेजाऱ्यांचे आधार क्रमांक मिळवून काय हाती येणार? (हशा) तुम्ही हसलात, पण संगणक हसत नाही. त्याला संख्या म्हणून दिलं की तो ती बेरीज मुकाट्याने करून देतो. त्याच इमानदारीने तो सुरुवातीचं शून्यही गाळतो, कारण संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. 16 आकडी खाते क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकून पाहा. एक्सेल 15 आकड्यांपर्यंतच नेमकेपणा राखतं, त्यामुळे शेवटच्या आकड्याच्या जागी शून्य बसतं. अनुदान कुणाच्या खात्यात जाईल, किंवा जाणारच नाही, याचा विचार तुम्हीच करा.

डीबेस, फॉक्सप्रो, मग 1992 साली आलेलं ॲक्सेस, हा माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच. समोरच्या काही ज्येष्ठांनी डीबेसच्या त्या ठिपक्यासमोर आज्ञा टाइप केल्या असतील. ते मी सांगत बसत नाही. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचंही सांगत नाही, ते तुम्ही रांगेत उभं राहून पाहिलंय.

आयात म्हणजे काय, एवढं मात्र सांगतो. नागपूर–नागभीड नॅरोगेज 2019 पर्यंत आपल्या भिवापूरवरून धावत होती. रुळांची रुंदी बदलली की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागतो, आणि नुकसान होतं ते बहुधा त्या चढउतारात. एक्सेलमधली यादी ॲक्सेसमध्ये नेणं हे तसंच काम आहे. दोन्हींचे नियम वेगळे. एक्सेलमध्ये एकाच रकान्यात वर तारीख, खाली नाव, त्याखाली ‘नंतर सांगतो’ असं काहीही चालतं. ॲक्सेस आधी विचारतं, या रकान्यात काय ठेवणार? एकदा सांगितलं की त्यात न बसणारं ते आत घेत नाही. नाकारलेल्या नोंदींची वेगळी तक्ता-यादीही करून देतं, तिच्या नावाच्या शेवटी ‘इम्पोर्ट एरर्स’ असं असतं. ती यादी उघडून न पाहता खिडकी बंद करणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

आता एक हकीकत. दोन मिनिटांत सांगतो.

आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या कायद्यानुसार मानांकनाचं नाव वापरून माल विकायचा, तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. त्यासाठी एका गावातल्या मिरची उत्पादकांची यादी करायचं ठरलं. गावाचं नाव घेत नाही. नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र असे रकाने. दोन हुशार पोरं बसली, एक स्वतःच्या लॅपटॉपवर, दुसरा मित्राच्या. याद्या जोडल्या, एक्सेलची फाइल थेट ॲक्सेसमध्ये आणली. आणि एक काका कागद हातात घेऊन विचारतात, ‘‘माहा गट कुठी गेला जी?’’

त्यांचा गट होता 7/12. हो, खरंच सात भागिले बारा, आपला सातबारा नव्हे. (हशा) एक्सेलमध्ये 7/12 टाइप करून एंटर दाबलं की त्याला वाटतं ही तारीख आहे. दिसतं ‘07-डिसें’. आत साठवली जाते निव्वळ एक संख्या, 1900 सालापासून मोजलेले दिवस. 2023 साली टाइप केलं असेल तर ती 45267. त्या काकांच्या शेताच्या जागी यादीत 45267 हा गट आला होता. एवढ्या गटांचं गाव अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

इथवर दुरुस्ती शक्य होती. तारखेवरून उलटं जाऊन 7 आणि 12 काढता येतात. पण दुसऱ्या लॅपटॉपवर तारखेची अमेरिकन पद्धत होती, महिना आधी आणि दिवस नंतर. त्या मशिनवर कुणाचा तरी गट 12/7 होता. अमेरिकन पद्धतीने बारावा महिना, सातवी तारीख, म्हणजे पुन्हा 7 डिसेंबर. पुन्हा 45267! दोन शेतकरी, दोन वेगळी शेतं आणि यादीत एकच क्रमांक. कोणती ओळ कोणत्या लॅपटॉपवरून आली, याची खूण याद्या जोडताना पुसली गेली होती. आणि 145/2 सारखे गट मात्र सुखरूप, कारण 145 तारीख कोणत्याच पंचांगात नाही. त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला यादी चांगली दिसत होती, आणि हेच सर्वांत घातक. संपूर्ण यादी बिघडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘‘आमचा पोट्टा सगळं एक्सेलमध्येच करते, त्याचं काही बिघडलं नाही.’’ बरोबर आहे दादा, बिघडलेलं कळलं नसेल एवढंच मी म्हणतो. मी एक्सेलचा वैरी नाही. हिशेबासाठी त्याच्यासारखं साधन नाही. आणि ही चूक खेड्यातल्या पोरांचीच, असं कुणी समजू नये. जगभरचे जनुकशास्त्रज्ञ याच दगडावर ठेचकाळले. त्यांच्या काही जनुकांची नावं ‘मार्च1’, ‘सेप्ट2’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. 2016 साली एका पाहणीत दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका आहेत. शेवटी 2020 साली जनुकांचीच नावं बदलावी लागली, ‘मार्च1’चं ‘मार्चएफ1’ झालं! एक्सेलच्या कंपनीने हे आपोआप बदलणं बंद करण्याची सोय दिली ती 2023 मध्ये. शास्त्रज्ञांना जनुकाचं नाव बदलता आलं. आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाही, तो गावनमुन्यात आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. मला वाटलं होतं अजून अर्धा तास आहे. ॲक्सेसची 2 जीबीची मर्यादा, फुकट मिळणारं लिबरऑफिस बेस, दोन तक्ते जोडणारी किल्ली, हे सगळं राहिलं. निर्यातीचं मात्र सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल, काढली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. तिथे ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा पर्याय निवडा. ॲक्सेसमध्ये आणताना ‘ॲडव्हान्स्ड’ बटण दाबून कोड पेज 65001 करा. तिथेच प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवता येतो. गट, खातं, मोबाईल, दाखल क्रमांक, सगळे ‘शॉर्ट टेक्स्ट’. पत्त्यात स्वल्पविराम असतोच, ‘मु. पो. भिवापूर, ता. भिवापूर’. अवतरणचिन्हं नसतील तर तालुका पुढच्या रकान्यात जाऊन बसतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटातल्या याद्या असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. तो फाँट ज्या संगणकावर नसेल तिथे ती नावं निरर्थक इंग्रजी अक्षरं होतात. आणि वर्षातून एकदा, मार्चअखेर हिशेब मिटवता तेव्हा, संस्थेच्या प्रत्येक तक्त्याची साध्या मजकुरात एक प्रत काढा. सोबत कोणता रकाना कशाचा, याचा एक कागद जोडा. सॉफ्टवेअर जातं. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 ची, तिचा आधार 2015 साली थांबला. साधा मजकूर मात्र कुठेही उघडतो.

प्रश्न आता घेता येणार नाहीत, खाली भेटा, मी बसलो आहे. जाताना एकच विनंती. ज्यांच्याकडे शेतकऱ्यांच्या, सभासदांच्या, पुस्तकांच्या याद्या संगणकावर आहेत, त्यांनी मूळ हाताने भरलेले अर्ज आणि नोंदवह्या रद्दीत घालू नयेत. त्या गावातली ती दोन शेतं शेवटी कागदावरूनच वेगळी काढता आली.