व्यायाम, गाणे आणि आपले कान
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठ्या विषयात मी शिरत नाही. आपल्यातल्या पुष्कळजणी पहाटे फिरायला जातात आणि कानात इयरफोन घालतात. त्याविषयीच बोलते.

“कानात बोळे घालून कसले गं फिरणे?” असे आमच्या सासूबाई म्हणतात. तरी मी गाण्याचीच बाजू घेईन. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत. ओवीच्या लयीवर हात चाले आणि दळण केव्हा सरले ते कळत नसे. ठेक्यावर पाऊल पडले म्हणजे चालण्याचेही तसेच होते. शिवाय साऱ्या दिवसात तेवढा अर्धा तास आपला स्वतःचा. तो सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही.

मात्र कान जपले पाहिजेत. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखे एक वेटोळे असते. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या हजारो नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने याचा हिशेब घालून दिला आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. तोच ९० वर नेला तर अवघे ४ तास. म्हणजे महिन्याची साखर चार दिवसांत संपवल्यासारखेच! १२ ते ३५ वर्षांच्या शंभर कोटींहून अधिक लोकांच्या कानांना मोठ्या आवाजाचा धोका आहे, असे याच संघटनेने २०२२ साली सांगितले. तेव्हा हे घरी मुलांनाही सांगा.

आता चांगला इयरफोन कोणता? मोठ्याने वाजतो तो नव्हे. हळू ठेवूनही स्पष्ट ऐकू येतो तो. सैल बसला की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. पुष्कळ इयरफोनांबरोबर लहानमोठी रबरी टोपणे मिळतात. ती दोन्ही कानांत घालून पाहावीत. दोन्ही कान सारखेच असतात असे नाही. घामाने बिघडू नये म्हणून खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ अशी खूण पाहावी. उडालेले पाणी ती वस्तू सोसते असा तिचा अर्थ. नळाखाली धरावी असा नव्हे! वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावी आणि दुसरीला वापरायला देऊ नये.

पण बाहेरचा आवाज बंद करणारा इयरफोन घरात किंवा व्यायामशाळेतच बरा. रस्त्यावर तोच घात करील. मागून येणारी गाडी आपल्याला कानांनीच कळते, आणि हल्लीच्या विजेवरच्या स्कूटरी तर मुळातच फारसा आवाज करीत नाहीत. रस्त्यासाठी कान उघडा ठेवणारे इयरफोन मिळतात. त्यांतले काही कानापुढच्या हाडावर बसतात आणि हाडातून आवाज आत पोचवतात. ते नसतील तर एकाच कानात घालावा, दुसरा मोकळा ठेवावा.

परीक्षा सोपी आहे. गाणे चालू असताना शेजारून चालणारी मैत्रीण नेहमीच्या आवाजात बोलली तर ते ऐकू आले पाहिजे. नाही आले तर आवाज कमी करावा. इयरफोन काढल्यावर कानात गुणगुण राहिली, तर आवाज फार झाला असे समजावे. ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. तेल घालीत बसू नये.

आपल्या सकाळच्या तुकडीने आजपासून एक नेम करावा, अशी माझी सूचना आहे. चौक आला की प्रत्येकीने गाणे थांबवावे, आणि पलीकडे गेल्यावरच पुन्हा लावावे. गाणे पुन्हा लावता येते. गेलेले कान आणि गेलेली मैत्रीण परत मिळत नाही.