पावसाळ्याचं वेळापत्रक



वसंत व्याख्यानमालेत पावसाचा विषय कशाला, असं काही जणांनी मघाशी विचारलं. पाऊस सुरू झाला की जो तो त्या दिवशी घरी कसं पोहोचायचं या काळजीत असतो. काही ठरवायचं, मागायचं, तर ते मे महिन्यातच.

आपण मध्य रेल्वेचे प्रवासी. कुर्ला आणि शीवच्या दरम्यान पाणी भरतं, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत आहे. जागा सखल, शेजारी मिठी नदी. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता दुप्पट करा, असं पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितलं होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे त्या कामाला वेग आला.

रुळांवर पाणी आलं की गाडी का थांबते? रुळांमधून एक हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. त्या टप्प्यात गाडी आहे की नाही, हे त्याच्यावरून कळतं. दोन रुळांच्या मधे पाणी साचलं की प्रवाह त्यातून झिरपतो, यंत्रणेला तिथे गाडी उभी असल्यासारखं वाटतं आणि सिग्नल लाल होतो. शिवाय गाडीच्या मोटरी डब्याच्या खालीच असतात. म्हणजे गाडी थांबते ते आपल्या जिवासाठीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती पुढच्या दोन-तीन तासांबद्दल.

इंडिकेटरवर सात-बावन्नची कल्याण फास्ट लागलेली असते. साडेआठ वाजतात, नऊ वाजतात, तीच सात-बावन्न तिथे असते. गाड्या उशिराने धावत आहेत, एवढीच घोषणा पुन्हा पुन्हा होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंची मुलगी पाळणाघरात आहे. पाळणाघर साडेआठला बंद होतं. 'दहापर्यंत गाडी नाही' असं कोणी स्पष्ट सांगितलं असतं, तर त्यांनी शेजारणीला आठलाच पाठवलं असतं. गाडी आता येईल, मग येईल, या आशेवर त्या फोनवर 'निघालेच आहे' म्हणत राहतात, आणि तिकडे पोर दारात उभी असते. पाऊस त्यांनी सहन केला असता. माहिती न देता ताटकळत ठेवणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

घरी पोहोचावं तर लाईट गेलेली. तक्रार केंद्राचा फोन लागत नाही, लागला तर 'काम चालू आहे' हे उत्तर. केबल जळाली आहे की नुसता फ्यूज गेला आहे, एवढं कळलं तरी ज्यांच्या घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले आजोबा आहेत, ते आजोबांना कुठे हलवायचं हे ठरवू शकतात. हा त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आता कोकण रेल्वेकडे बघा. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्या मार्गाने फार मोठी किंमत मोजली आहे. तिथे दरवर्षी पावसाळ्याचं स्वतंत्र वेळापत्रक लागतं. गाड्यांचा वेग कमी, प्रवासाचा वेळ जास्त, आणि तो तिकीट काढतानाच कळतो. धो धो पावसात पुढचं दिसेनासं झालं, तर ताशी ४०च्या वर जायचं नाही, असा चालकाला आदेश असतो. रात्रंदिवस गस्त असते. गाड्या तिथेही रखडतात, दरडी कोसळतात. पण गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला आपण किती वाजता उतरणार, याचा खरा अंदाज आधी दिलेला असतो. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

पाऊस सांगून येत नाही, असं उत्तर आपल्याला दिलं जातं. ते आता पुरेसं नाही. २००५च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला माधवराव चितळे समिती बसली, शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक लागले, दर १५ मिनिटांनी नोंद होते. भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापलेल्या असतात. पाणी कुठे भरतं, हे तर ठाऊकच आहे. कुर्ल्याला पाणी चढलं की ठाण्याच्या पुढे कर्जत-कसाऱ्यापर्यंत गाड्या चालवतात, हेही आपण अनेकदा पाहिलंय. मग हे सगळं आधी छापून स्टेशनवर लावायला काय हरकत आहे? पाणी इतकं चढलं तर गाड्या इथून इथपर्यंत, इतक्या मिनिटांनी. पुढे बस अमुक ठिकाणाहून सुटेल. आणि दर अर्ध्या तासाने खरी परिस्थिती सांगणारी एक घोषणा, 'अजून दोन तास गाडी नाही' असं सांगावं लागलं तरी.

या सभागृहात प्रवासी संघटनेचे कार्यकर्ते आहेत, गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. ही मागणी लेखी करा, रेल्वेकडे आणि वीज कंपनीकडे, आणि पोच घ्या. बाहेर टेबलावर अर्जाचा मसुदा ठेवला आहे. जाताना त्यावर सही करून जा. जून लागायला फार दिवस उरलेले नाहीत.