आधी ब्रेक, मग वेग
२०१२ साली जपानात टोयोटाने ‘८६’ नावाची दोन दारांची छोटी मोटार विक्रीस आणली. वजन सव्वाबाराशे किलोंच्या आसपास, शक्ती २०० अश्वशक्तीची, गती मागील चाकांना. आठवडाभर कचेरीस आणि रविवारी शर्यतीच्या मार्गावर नेण्यास ती अनेकांस सोयीची वाटली. घेणारा तरुण प्रथम इंजिनाची शक्ती वाढवू पाहतो. इंजिनाच्या गोष्टी चहाबरोबर रंगतात खऱ्या. पण श्रोतेहो, संकट असते ते ब्रेकच्या तेलात. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे तेल नवे असता निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. मग वारंवार ब्रेक दाबून ते तापले की त्याची वाफ होते आणि ऐन वळणावर पायाखालचे पेडल पोकळ लागते. म्हणून आधी ताजे तेल, नंतर उष्णता सोसणारे ब्रेकपॅड. त्यातही निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असता नीट धरत नाहीत. आणि सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी तर गाडी पहिल्याच दाबाला थांबली पाहिजे.