आश्रमातले कुत्रे आणि आपले घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



ह्या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी भाषणे केली आहेत. त्या परंपरेत कुत्र्यावर बोलण्याचा मान माझ्या वाट्याला यावा, ह्याचे काहींना हसू येईल. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी तो भीतभीतच सांगितला. पण ते म्हणाले, "आमच्या नव्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी मुलांचा हाच हट्ट चालू आहे. तुम्ही अवश्य बोला." मी पशुवैद्य नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. ह्या विषयात मात्र मी आधी चुकलो आणि मग शिकलो, एवढाच माझा अधिकार.

कुत्रा आपल्याला परका नाही. सगळे सोबती गळून पडल्यावर युधिष्ठिरामागून चालत राहिला तो कुत्राच, आणि त्याला टाकून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत. खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा असतोच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. आपण आता ज्या राज्यात राहतो तेथल्या मुधोळचे घोरपडे हे मराठी घराणे. मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेल्या मुधोळ कुत्र्यावर भारत सरकारने २००५ साली टपाल तिकीट काढले.

पूजेत आणि इतिहासात आपण कुत्र्याला असे मानाचे स्थान दिले. बोलण्यात मात्र 'कुत्र्याचे जिणे' हा शब्दप्रयोग दुर्दशेसाठी ठेवला. गावाकडे कुत्रा वाड्याच्या दाराशी असे, माजघरात नव्हे. शहरातल्या तीन खोल्यांच्या सदनिकेत दारही तेच आणि माजघरही तेच. तेव्हा कुत्रा आणायचा म्हणजे तो घरातच आणायचा, हे प्रथम नीट समजून घ्यावे लागते. मी ते समजून घेतले नव्हते.

बेंगळुरूत निराधार प्राण्यांसाठी आश्रम आहेत, हे येथे येऊन अनेक वर्षे झाली तरी मला ठाऊक नव्हते. क्रिस्टल रॉजर्स ह्या इंग्रज बाईंनी दिल्लीत रस्त्याकडेला मरणासन्न पडलेला एक घोडा पाहिला आणि पुढचे सारे आयुष्य ह्या देशातल्या मुक्या जिवांसाठी वेचले. दिल्लीत आणि नंतर जयपुरात संस्था उभ्या करून त्या बेंगळुरूला आल्या, आणि वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर १९९१ साली त्यांनी येथे 'क्यूपा' ही संस्था स्थापन केली. त्या १९९६ साली वारल्या, पण संस्थेचे काम चालू आहे. २०१३ साली 'चार्लीज अॅनिमल रेस्क्यू सेंटर' सुरू झाले. अशी आणखीही लहानमोठी ठिकाणे शहराच्या आसपास आहेत.

तेथे पोहोचणारे सगळेच कुत्रे रस्त्यावरचे नसतात. २००३ च्या सुमारास दूरध्वनीच्या एका जाहिरातीत एका मुलामागे इवलासा पग धावताना दिसू लागला, आणि घरोघर पग हवा झाला. चपट्या नाकामुळे ह्या कुत्र्याला उन्हात श्वास घेणे जड जाते, त्याच्या डोळ्यांना इजा चटकन होते, हे घेणाऱ्यांच्या कानावर फार उशिरा आले. तीच गत बर्फाळ प्रदेशासाठी घडलेल्या हस्कीची. मालकाची बदली होते, परदेशी नोकरी लागते, नवे घरमालक नाही म्हणतात, घरात बाळ येते, आणि काल पलंगावर झोपणारा कुत्रा आज आश्रमाच्या फाटकाशी बांधलेला सापडतो.

आता माझी चूक सांगतो. २००९ साली माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याच्या वाढदिवसाला आम्ही एका आश्रमातून चार महिन्यांचे पिल्लू आणले. पांढऱ्या-तपकिरी रंगाचे, क्षणभर एका जागी न ठरणारे. निवड करायला आम्हाला दहा मिनिटेही लागली नाहीत. जे धावत येऊन मुलाच्या अंगावर चढले, तेच घेतले. सौभाग्यवती आणि मी दोघेही सकाळी आठाला घराबाहेर पडत असू, मुलगा चारला शाळेतून येई. आठ तास ते पिल्लू तिसऱ्या मजल्यावर एकटे. त्याने चपला फाडल्या, दार ओरबाडले, आणि दिवसभर असे रडले की शेजाऱ्यांनी रीतसर तक्रार केली. माझ्या मातोश्री तेव्हा नुकत्याच वाईहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. पायात घोटाळणाऱ्या पिल्लामुळे त्या एकदा पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही.

अठराव्या दिवशी मी ते पिल्लू परत नेऊन दिले. तेथल्या बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली आणि पिल्लाला उचलून आत नेले. मुलगा परतीच्या वाटेवर रिक्षात काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने विचारले, "बाबा, त्याचं काय चुकलं?" पिल्लाचे काहीच चुकले नव्हते. गणिताच्या शिक्षकाने उदाहरण न वाचताच उत्तर लिहिले होते.

ते उदाहरण कसे वाचावे, ते आता सांगतो.

पहिला प्रश्न वेळेचा. घर दिवसातून किती तास रिकामे असते? पिल्लाला दर दोन-तीन तासांनी खाली न्यावे लागते, शिकवावे लागते, त्याची झोपमोड सोसावी लागते. ज्या घरी दिवसा कोणी नाही, त्यांनी पिल्लाच्या मोहात पडू नये. तीन, पाच, सात वर्षांचा प्रौढ कुत्रा घ्यावा. त्याचा आकार ठरलेला असतो, स्वभाव दिसलेला असतो. 'मोठे कुत्रे नव्या माणसाला लागत नाही' हा समज खरा नाही, पुढे माझाच अनुभव सांगणार आहे. मात्र प्रौढ कुत्र्यालाही दिवसभर कोंडून ठेवणे बरे नव्हे. दुपारी कोणी डोकावणारे हवेच.

दुसरा प्रश्न घरातल्या माणसांचा. रांगते मूल असेल तर ज्या कुत्र्याने पूर्वी मुले पाहिली आहेत असाच निवडावा, आणि मूल व कुत्रा ह्यांना एकटे सोडू नये. मुलांना आधी शिकवावे: खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, गळ्यात मिठी मारायची नाही. आपल्याला मिठीत माया वाटते, अनेक कुत्र्यांना कोंडल्यासारखे वाटते. घरात वृद्ध असतील तर अंगावर उड्या मारणारा, साखळी ओढणारा कुत्रा नको.

तिसरा प्रश्न जातीचा, आणि तो रूपावरून सोडवू नये. मुधोळचा मला अभिमान आहे, पण तो शिकारीसाठी आणि दौडीसाठी घडला आहे. ज्याला रोज मोकळे धावू देता येत नाही, त्याने त्याचा अभिमान तिकिटावरच बाळगावा. आपला साधा गावठी कुत्रा मात्र ह्या हवेत शतकानुशतके रुळलेला आहे. आखूड केस, काटक शरीर, तल्लख बुद्धी. आश्रमात सर्वाधिक संख्या त्याचीच आणि मागणी सर्वांत कमी. रंगाने काळा असेल तर आणखी कमी.

चौथा प्रश्न आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनी तर अवश्य विचारावा. गणपतीला आणि मे महिन्यात आपण गावी जातो, तेव्हा कुत्र्याचे काय? रेल्वेत त्याला पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे घेऊन, नाही तर गार्डाच्या डब्यातून न्यावे लागते. सांभाळगृहांचा खर्चही कमी नसतो. मंडळातली चार घरे एकमेकांचे कुत्रे सांभाळू लागली तर हा प्रश्न बराच हलका होईल. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी विचारा. गृहसंस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. पण नियम आपल्या बाजूने आहे म्हणून जिन्यातली घाण शेजाऱ्याने का सोसावी? ती आपणच उचलली पाहिजे.

ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आश्रमात जावे आणि तेथे रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला ती दाखवावीत. कुत्र्यांचे स्वभाव त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. एकाच भेटीत ठरवू नये. दोनतीनदा जावे, घरातल्या सगळ्यांना न्यावे, कुत्र्याला आवाराबाहेर फिरवून पाहावे. घरी आणल्यावर पहिले काही दिवस तो दबलेला असतो. काही आठवड्यांनी त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. हे घर आपले, असे वाटायला काही महिने लागतात. पहिल्या आठवड्यात नातेवाइकांना त्याच्या दर्शनाला बोलावू नये.

आरोग्याचे दोन शब्द. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, टोचून घ्यावी. ह्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कोणत्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये. नसबंदी अवश्य करावी. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसते, त्याची ती झालेली असते. आहारात आपल्या स्वयंपाकघराची एक अडचण आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला घातक, मनुका व द्राक्षे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट तर विषच. म्हणजे उरलेली आमटी-भाजी आणि प्रसादाचा शिरा त्याच्या ताटलीत जाता कामा नये. साधा भात, उकडलेले अंडे किंवा कोंबडी हे त्याला मानवते. दिवाळीत फटाके वाजत असताना त्याला आतल्या खोलीत, माणसाच्या सोबतीने ठेवावे.

२०११ साली आम्ही पुन्हा आश्रमात गेलो. ह्या वेळी मातोश्रींना बरोबर घेऊन. तो कागद दाखवला तेव्हा तेथल्या कामगाराने सात वर्षांचा, तोंडाभोवती पिकू लागलेला एक काळा गावठी कुत्रा बाहेर आणला. नाव करिया. त्याचे मालक वारले होते आणि मुलांना तो नको होता. तो कोणाच्या अंगावर चढला नाही. बाकावर बसलेल्या मातोश्रींपासून हातभर अंतरावर येऊन बसला. त्यांनी विचारले, "करिया म्हणजे काय रे?" मी म्हणालो, "काळ्या." त्या म्हणाल्या, "मग आपलाच आहे की."

त्या कुत्र्याला कानडीशिवाय काही कळत नव्हते, आणि मातोश्रींना मराठीशिवाय. दिवसभर घरात ही दोघेच. त्या 'ये' म्हणत, तो पाहत राही. अखेरीस त्यांनी धुणेवालीला विचारून घेतले. 'बा' म्हणजे ये. 'बेड' म्हणजे नको. 'ऊट' म्हणजे जेवण. वाईत सत्तर वर्षे काढलेल्या माझ्या आईने कानडीची मुळाक्षरे एका कुत्र्यासाठी गिरवली. पुढे तीच अक्षरे घेऊन ती भाजीवालीशी बोलू लागली, खालच्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊन बसू लागली. इतकी वर्षे आम्ही तिला "आई, जरा बाहेर जात जा" म्हणत होतो. तिला बाहेर नेले ते करियाने, सकाळ-संध्याकाळ, साखळीच्या दुसऱ्या टोकाने. आणि करियालाही सहा महिन्यांत 'ये' कळू लागले.

तो सहा वर्षे आमच्याकडे राहिला आणि २०१७ च्या पावसाळ्यात गेला. उतरत्या वयाचा कुत्रा आणला म्हणजे हा दिवस लवकर येतो, हे मी आपल्यापासून लपवत नाही. त्या रात्री माझा मुलगा, तेव्हा महाविद्यालयात होता, म्हणाला, "बाबा, ह्याला आपण परत दिलं नाही." अठरा दिवसांच्या त्या पिल्लाला तो विसरला नव्हता. मीही नाही.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्यात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आहे. पण एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही त्यांच्यावरच ठेवली आहे. मला वाटते, कायद्याची गोष्ट सोडली तरी घरातल्या मोठ्यांनी मुलांसमोर हीच अट स्वतःला घालून घ्यावी. ती पाळता येईल अशी खात्री होईपर्यंत थांबावे. थांबणाऱ्याला मी कठोर म्हणणार नाही. आश्रमात जाऊन आठवड्यातून एकदा कुत्रे फिरवून आणावेत, तेही मोठे काम आहे आणि मुलांचा हट्टही त्यातून पारखला जातो.

पन्नास वर्षांपूर्वी ह्या मंडळाची स्थापना झाली ती परक्या गावात आलेल्या माणसाला आपल्या भाषेत 'या, बसा' म्हणणारे कोणी असावे म्हणून. मी स्वतः ह्या शहरात आलो तेव्हा पहिली पंगत मला येथेच मिळाली. घर सुटलेल्याला 'ये' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. फक्त म्हणण्यापूर्वी पानाची सोय पाहून ठेवावी, एवढेच माझे सांगणे.