पुराच्या पाण्याचा जोर

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



तुमच्या या जिराईत मुलखात येऊन आम्ही पुराविषयी बोलणार, याचे कोणास हसू येईल. येथे रडणे असते ते पाऊस न आल्याचे. परंतु जो ओढा वर्षातून दहा महिने कोरडा असतो, त्याच्या अंगच्या बळाची ओळख आपणांस राहत नाही. म्हणूनच माणूस त्यात बेधडक पाय घालतो.

सन २०१९ च्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री, पुरंदरात पाऊस कोसळला आणि कऱ्हामाई बारामतीत शिरली. हजारो माणसांना घरे सोडावी लागली. नाझरे धरणातून सेकंदाला सुमारे ८५,००० घनफूट पाणी सुटले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. हा आकडा आपण वाचतो आणि विसरतो, कारण घनफूट कोणी तोलून पाहिलेला नसतो. आपण तोलू. एक घनफूट पाणी भरते २८ किलो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २,४०० टन. उसाच्या जोड ट्रॉलीत २० टन धरा. एका सेकंदाला १२० जोड ट्रॉल्या, दुसऱ्या सेकंदाला आणखी १२०!

एवढे पाणी आले कोठून? एक इंच पाऊस पडला तर एका एकरावर शंभर टनांहून अधिक पाणी पडते. चार इंच पडला तर चारशे टन. काही जमीन पिते. मुरमाड उतारावरचे बहुतेक सारे ओढ्याला मिळते. आणि हे पाणी आभाळात चढविले कोणी? सूर्याने. तुमच्यातील वडीलधाऱ्यांनी मोट पाहिली आहे. बैल नाडा ओढतो तेव्हा त्याचे श्रम मोटेतील पाण्यात साठतात, आणि मोट सुटली तर तेच श्रम धाडकन खाली येतात. सूर्याची मोट समुद्रातून ढगापर्यंत जाते, इतकाच फरक. नाझऱ्याहून बारामती शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तेवढ्या उतारात साठलेली शक्ती परत निघते. ती वीजघरातील चाकावर घातली तर दिवे लागतात; मोकळी सुटली तर काठ खाते, बाभळी उपटते आणि पुलाच्या पायाखालची माती पोखरते. शक्ती एकच. यात देवाचा कोप नाही आणि शांतीच्या दक्षिणेने ती कमीही होत नाही. निर्मिकाने पाण्याला वजन दिले आणि जमिनीला उतार दिला. पुढचे सारे हिशेबाने होते.

आता या हिशेबातील खरी गोम ऐका, कारण माणसे मरतात ती येथेच. लोहार मंडळींना ठाऊक आहे की घण लोखंडावर नुसता ठेवला तर काही होत नाही. जोराने आणला तर लोखंड चेपते. वेग दुप्पट झाला की मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट तर मार नऊपट. पाण्याचेही तसेच. गुडघाभर ओढा सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालीने, वाहत असेल तर तुमच्या दोन्ही पायांवर सुमारे आठ किलोचा रेटा बसतो. दोन मीटरने वाहिला तर तेहतीस किलोचा. तीन मीटरने वाहिला तर पंचाहत्तर किलोचा. म्हणजे एक धडधाकट गडी तुमच्या पोटऱ्यांना रेटतो आहे! खोली तीच, गुडघाभर. काल पार केला तेवढाच ओढा आज दिसतो, पण काल आणि आज यांत नऊपटीचे अंतर असू शकते.

त्यात पाणी माणसाला हलके करते. विहिरीतला दगड पाण्यात असेपर्यंत सहज उचलतो, काठाशी आला की जड होतो, हा अनुभव तुमचाच आहे. कंबरभर पाण्यात माणसाचे वजन निम्म्यावर येते; मग पायाची पकड कशाच्या जोरावर राहणार? मोटारगाडीचेही तेच. तिच्या तळाच्या वर वीतभर पाणी चढले की लहान गाडी नावेसारखी तरंगू लागते, आणि मग कडेला लोटण्यास थोडा रेटा पुरतो. सन २०२० च्या ऑक्टोबरात शेजारच्या दौंड तालुक्यात खानोट्याजवळ मोटारसायकलींवरून ओढा ओलांडणारी माणसे वाहून गेली. ती काही अडाणी नव्हती. घरी पोचण्याची घाई कोणाला नसते?

वाहते पाणीच घातकी असते असेही नाही. २५ मे २०२५ रोजी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि ऐन उन्हाळ्यात पाणी घराशेतांत शिरले. कालव्यात दोन मीटर पाणी असले की तळाशी दर चौरस मीटरला दोन टनांचा दाब असतो, आणि तो बांधाच्या बाजूलाही रेटतो. कोरडा बांध हे सोसतो. पण कुंभार बांधवांना विचारा, सुका डिखळा आणि भिजलेली माती यांत काय अंतर आहे! मातीच्या कणाकणांत पाणी शिरले की त्यांची एकमेकांवरील पकड सुटते. आंबेगावातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर उतरला, तोही असाच भिजून. बांधात घुशीचे बीळ असेल तर पाणी त्यातून मातीचा कण कण बाहेर नेते आणि बोटाएवढी धार तासाभरात खिंडार होऊ शकते. म्हणून बांधाच्या बाहेरच्या अंगास गढूळ पाणी पाझरताना दिसले तर त्याच पावली पाटकऱ्याला गाठा. स्वच्छ पाझर थोडा वेळ थांबू शकेल, गढूळ थांबत नाही.

वाराही पाण्यासारखाच वागतो, फक्त हलका आहे. ताशी साठ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सतरा किलोने रेटतो. ताशी एकशेवीसचा अडुसष्ट किलोने. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे येणारी नाव अशाच वादळात उलटली आणि सहा जीव गेले. वारा नाव कलती करतो, लाट आत पाणी टाकते, आणि आतले पाणी कललेल्या बाजूसच धावून नाव आणखी कलविते. घाबरून माणसे उभी राहिली की भार वर चढतो, आणि मग थोडा झोकही पुरतो. वादळात सापडलात तर तळाशी बसा, मुले मध्ये घ्या, पाणी उपसत राहा. काठावर असाल आणि आभाळ काळे दिसत असेल तर नावाडी कितीही ओळखीचा असो, त्याला म्हणा, ‘दादा, तासभर थांबू’. आणि अंगात घालावयाचे तरते जाकीट प्रत्येकाला, लेकरांनासुद्धा, मिळाल्याखेरीज नावेत पाय ठेवू नका.